‘घोकून आलाय’ असा शेरा मारण्याआधी

समोर बसलेल्या मुलानं पहिल्या मिनिटात चार वाक्यं म्हटली. ‘आय ॲम अ हार्डवर्किंग पर्सन. आय ॲम अ टीम प्लेयर. आय कॅन वर्क अंडर प्रेशर. आय ॲम अ क्विक लर्नर.’ चारही वाक्यं एका दमात, एका सुरात, कुठेही न अडखळता. माझ्या शेजारच्या सहकाऱ्यानं समोरच्या कागदावर ‘संवादकौशल्य’ या रकान्यात पाचापैकी दोन गुण टाकले आणि बाजूला शेरा लिहिला, ‘घोकून आलाय’.

जागा यंत्रांच्या देखभालीची होती. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, ‘मागच्या वेळी कॉम्प्रेसर बंद पडला, तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी काय केलंत?’ तो थांबला. चार-पाच सेकंद काहीच बोलला नाही. मुलाखतीच्या खोलीत पाच सेकंद म्हणजे फार झाले. सहकाऱ्याचं पेन पुन्हा कागदाकडे गेलं. मग तो बोलू लागला. वाक्यं मोडकी होती, काळांची सरमिसळ होत होती, पण क्रम चोख होता. आधी वीज तोडली, मेन स्विचला कुलूप लावलं, टाकीतली हवा सोडली, गेजचा काटा शून्यावर आल्याची खात्री केली आणि मगच फिल्टर खोलला. ‘फर्स्ट प्रेशर झीरो. देन टच.’ ‘झीरो’ म्हणताना त्यानं तर्जनी हळूहळू खाली आणली, गेजचा काटा उतरतो तशी.

दाबानं हवा भरलेल्या यंत्राला हात लावायचा नाही हे ज्याच्या अंगात मुरलं आहे, त्याच्याबद्दल आमच्या कागदावर ‘घोकून आलाय’ एवढंच होतं. आणि दुसऱ्या उत्तरानंतर सहकाऱ्यानं त्यात भर घातली: ‘भाषा कच्ची’. म्हणजे पाठ केलेलं बोलला तर पोपट, आणि पाठ न केलेलं, स्वतःच्या डोक्यातून जुळवून बोलला तर भाषा कच्ची. इकडे आड, तिकडे विहीर. त्याची मातृभाषा वेगळी, मुलाखतीची भाषा वेगळी. आणि ज्या वाटेनं तो गेला असता त्या वाटेवर त्याचे गुण कापले जाणारच होते.

दुसऱ्या भाषेत मुलाखत देणाऱ्यानं ठरलेली वाक्यं वापरणं यात गैर काहीच नाही, असं माझं ठाम मत आहे. भाषा बोलली जातेच तशी. गैर आहे ते आपलं, मुलाखत घेणाऱ्यांचं, त्या वाक्यांवरून माणूस पोकळ ठरवणं. आणि तितकंच गैर आहे ते मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्यांचं, नको ती वाक्यं घोकून घेणं.

मातृभाषेत आपण प्रत्येक वाक्य नव्यानं घडवतो असं आपल्याला वाटत असतं. तसं नसतं. ‘वेळ’ हा एकच शब्द घ्या. आपण वेळ काढतो, वेळ घालवतो, वेळ पाळतो, वेळ मारून नेतो, कुणावर वेळ येते, कुणाची वेळ भरते. यातलं एकही जोडकाम आपण व्याकरणाच्या नियमातून काढलेलं नाही. ते अख्खंच्या अख्खं कानावरून आत गेलं आणि अख्खंच्या अख्खं बाहेर येतं. मराठी नव्यानं शिकणारा माणूस ‘मी जबाबदारी धरली’ म्हणाला, तर व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, तरी आपल्याला खटकतं, कारण जबाबदारी घेतात, उचलतात, पेलतात, झटकतात, धरत नाहीत. का धरत नाहीत, याला उत्तर नाही. तसं म्हणत नाहीत, एवढंच.

अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर या दोघांनी १९८३ मध्ये हेच कोडं इंग्रजीच्या संदर्भात मांडलं होतं. व्याकरणाला चालणारी वाक्यं असंख्य असतात, पण त्यातली फारच थोडी भाषा मुरलेल्या माणसाच्या तोंडी येतात. त्यांचं उदाहरण लग्नाची मागणी घालण्याचं होतं: तीच गोष्ट सांगायची डझनभर शुद्ध वाक्यं तयार करता येतात, म्हणतात मात्र एखाद-दुसरंच. त्यांच्या मते ओघवतं बोलणं शक्य होतं तेच मुळी डोक्यात साठवलेल्या तयार वाक्यांमुळे आणि वाक्यांच्या सांगाड्यांमुळे. पुढे २००० साली ब्रिट एर्मान आणि बिएट्रिस वॉरन यांनी इंग्रजी मजकूर तपासून मोजदाद केली, तेव्हा त्यांच्या नमुन्यातल्या बोलण्याचा ५८.६ टक्के आणि लिहिण्याचा ५२.३ टक्के भाग अशा तयार जोडण्यांचा निघाला. म्हणजे अर्ध्याहून जास्त. जो सहकारी ‘घोकून आलाय’ लिहीत होता, त्याचं स्वतःचं बोलणंही निम्म्याहून अधिक तयारच होतं. फरक इतकाच, की त्यानं ते लहानपणापासून नकळत साठवलं होतं आणि त्या मुलानं मुलाखतीच्या आधी रात्री जागून.

पाठांतर लपवता येणं ही मातृभाषेची चैन आहे. ‘त्याचं काय आहे’, ‘खरं सांगायचं तर’, ‘आता तुम्ही विचारलंच आहे म्हणून सांगतो’ ही आपली घोकलेलीच वाक्यं आहेत. ती वेळेवर, वेगवेगळ्या सुरात, चेहऱ्यावरच्या भावासकट येतात, म्हणून कुणी त्यांना पाठांतर म्हणत नाही.

आता त्या पाच सेकंदांबद्दल. माझ्या मते त्या मुलाखतीत सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं. तान्या स्टिव्हर्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगभरातल्या १० भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न संपणं आणि उत्तर सुरू होणं यातलं अंतर भाषेगणिक थोडं कमीजास्त होतं, पण सरासरी निघाली ती सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागू शकतो. आणि एखाद्या चित्राकडे पाहून त्याचं नाव तोंडावर यायला, मातृभाषेतसुद्धा, अर्ध्या सेकंदाहून अधिक लागतो. याचा अर्थ असा, की समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर आत शिजत असतं. दुसऱ्या भाषेत हे जमत नाही. ऐकण्यातच सगळी शक्ती खर्च होते. प्रश्न पूर्ण संपल्यावर तो समजतो, मग उत्तर सुचतं, मग शब्द शोधावे लागतात. उत्तर उशिरा येणारच. आणि ऐकणाऱ्याला, त्याच्याही नकळत, त्या उशिराचा अर्थ लागतो: याला येत नसावं, किंवा हा काहीतरी लपवतोय.

इथे एक ठरलेलं वाक्य त्या मुलाला वाचवू शकलं असतं. ‘लेट मी थिंक फॉर अ मोमेंट.’ हे वाक्य उच्चारायला दीड सेकंद लागतो, पण त्यामुळे पुढच्या पाच सेकंदांचा अर्थ पार बदलतो. तीच शांतता, पण आता ती विचार करणाऱ्या माणसाची शांतता. ते वाक्य त्याच्याकडे नव्हतं. त्याच्याकडे ‘आय ॲम अ टीम प्लेयर’ होतं.

म्हणून मला ठरलेल्या वाक्यांची सरसकट बाजूही घ्यायची नाही आणि त्यांना सरसकट झोडपायचंही नाही. काही वाक्यं काम करतात आणि काही वाक्यं दावा करतात. काम करणारी वाक्यं संभाषण चालू ठेवतात: थोडा वेळ मागतात, प्रश्न पुन्हा विचारायला लावतात, ‘तुम्हाला असं विचारायचं आहे का?’ म्हणून खात्री करून घेतात, ‘मघाशी म्हणालो ते जरा दुरुस्त करतो’ म्हणून मागे जाता येतं. यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ‘नेमका शब्द आठवत नाही, पण तो भाग असा असतो’ हे वाक्य. एखाद्या हत्याराचं नाव आठवत नाही म्हणून अनुभवी माणूस अख्खं उत्तर गिळून टाकतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. हे एक वाक्य येत असतं तर त्यानं हातानं आकार दाखवून पुढे सांगितलं असतं. ही वाक्यं शब्दशः पाठ असावीत, झोपेत विचारलं तरी यावीत अशी. त्यांच्याबद्दल डोक्याला शीण द्यावा लागला नाही, तर तो शीण उत्तरासाठी उरतो.

दावा करणारी वाक्यं वेगळी. ‘मी मेहनती आहे’, ‘मी झटपट शिकतो’, ‘परफेक्शनिस्ट असणं हीच माझी उणीव’. ती खोटी असतात असं नाही. तो मुलगा मेहनती असेलच. पण ही वाक्यं कुणीही, कुठल्याही जागेसाठी म्हणू शकतो, त्यामुळे ती ऐकून समोरच्याला नवं काही कळत नाही. आणि तयारी करून घेणारे नेमकी हीच वाक्यं पाठ करून घेतात, कारण ती छापायला सोपी, शिकवायला सोपी. एका कागदावर वीस वाक्यं, त्याखाली वीस ‘आदर्श उत्तरं’. असा कागद हातात देणाऱ्यांवर माझा राग आहे, आणि तो मला लपवायचा नाही. भाषेची भीती असलेल्या माणसाला तुम्ही आधार देतो म्हणून सांगता आणि नेमका तोच आधार हातात देता, जो पाहताच पॅनलचं पेन खाली उतरतं.

अभ्यासकांनी या दोन्ही बाजू आधीच पाहून ठेवल्या आहेत. हान्स डेशर्ट या जर्मन अभ्यासकानं १९८३ मध्ये दुसऱ्या भाषेत गोष्ट सांगणाऱ्यांचं बोलणं तपासलं, तेव्हा त्याला मधूनमधून ‘भरवशाची बेटं’ दिसली: ओघानं येणारे तयार तुकडे, जिथे बोलणारा क्षणभर पाय टेकतो आणि पुढच्या पाण्यात उतरायची तयारी करतो. अँजेला हासेलग्रेननं १९९४ मध्ये प्रगत इंग्रजी शिकणाऱ्या नॉर्वेजियन विद्यार्थ्यांबद्दल लिहिताना ओळखीच्या शब्दांना टेडी बेअर म्हटलं. सुरक्षित वाटतं म्हणून तेच ते शब्द जागोजागी, नको तिथेही कवटाळले जातात. बेटावर पाय टेकायचा असतो, पण वस्तीला राहायचं नसतं. मुलाखतीच्या तयारीत हा फरक कुणी शिकवत नाही.

आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ठरलेल्या वाक्यात झालेली बारीक चूक साध्या व्याकरणाच्या चुकीपेक्षा मोठ्यानं ऐकू येते. काळ चुकला तर ऐकणारा मनातल्या मनात दुरुस्त करतो आणि पुढे जातो. पण ठरलेल्या वाक्यातला एक शब्द बदलला, की कान तिथेच अडकतो, आणि ‘जबाबदारी धरली’ ऐकणाऱ्याला ती जबाबदारी कोणती होती हेच ऐकू येत नाही. म्हणजे ज्या आधारासाठी वाक्य पाठ केलं, त्याच ठिकाणी घसरण्याचा धोका जास्त. म्हणूनही थोडी वाक्यं, पण पक्की, असं मी सांगते. वीस अर्धवट येण्यापेक्षा सहा चोख.

ठरलेल्या वाक्यांचा विषय निघाला की बोट नेहमी उमेदवाराकडे जातं. पॅनलच्या ठरलेल्या वाक्यांचं काय? माझी पहिली मुलाखत माझ्या दुसऱ्या भाषेत झाली. समोरून प्रश्न आला, ‘वॉक मी थ्रू युवर प्रोजेक्ट.’ मला त्यातला ‘वॉक’ कळला आणि ‘प्रोजेक्ट’ कळलं, आणि या दोघांचा एकमेकांशी काय संबंध ते कळेना. प्रोजेक्ट मी स्वतः केला होता, त्यातला आकडा न् आकडा मला पाठ होता. मी गप्प राहिले. प्रश्नकर्त्यानं तेच वाक्य पुन्हा, त्याच शब्दांत, जरा मोठ्या आवाजात म्हटलं. ‘तुमच्या प्रोजेक्टबद्दल पहिल्यापासून सांगा’ असं साधं विचारलं असतं तर मी अर्धा तास बोलले असते. ती नोकरी मिळाली नाही याचं दुःख कधीच विरलं. मला त्या कामातलं काही येत नाही असं समजून तो माणूस उठला, ते मात्र आजही खुपतं.

‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’, ‘तुम्ही टेबलावर काय घेऊन येता?’ हे प्रश्न उमेदवाराच्या उत्तरांइतकेच घोकलेले आहेत. ठोकळा प्रश्न टाकला की ठोकळा उत्तर येतं. मग उत्तरालाच का दोष?

ब्रिटनमध्ये सीलिया रॉबर्ट्स आणि सारा कॅम्पबेल यांनी खऱ्याखुऱ्या नोकरीच्या मुलाखतींचं चित्रीकरण करून अभ्यास केला. तो अहवाल तिथल्या सरकारच्या रोजगार खात्यानं २००६ मध्ये प्रसिद्ध केला. कामं साधी, कमी पगाराची होती. त्यांना असं दिसलं, की अल्पसंख्य समाजातले पण ब्रिटनमध्येच जन्मलेले उमेदवार गोऱ्या ब्रिटिश उमेदवारांच्या तुलनेत फारसे मागे पडत नव्हते. मागे पडत होते ते परदेशात जन्मलेले. आणि कारण केवळ इंग्रजी कच्चं असणं हे नव्हतं. मुलाखतीत अनुभव एका विशिष्ट साच्यात, गोष्टीसारखा, स्वतःचं साधं बोलणं आणि संस्थेची औपचारिक भाषा बेमालूम मिसळून सांगावा लागतो, आणि हा साचा कुणी उघड सांगत नाही. त्या कामाला जेवढी भाषा लागते, त्याहून अवघड भाषा मुलाखतीला लागत होती. अहवालातली ही गोष्ट मला सगळ्यात बोचली. माल लावण्याच्या कामासाठी माणूस निवडताना आपण त्याची परीक्षा घेतो ती मात्र कथाकथनाची.

मुलाखतीत ऐकणारा तटस्थ असतो या भ्रमातही राहू नये. शिकागो विद्यापीठातल्या शिरी लेव्ह-आरी आणि बोअझ कायसर यांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ‘जिराफ उंटापेक्षा जास्त काळ पाण्यावाचून राहू शकतो’ अशा धर्तीची साधी विधानं ऐकवली आणि ती कितपत खरी वाटतात ते विचारलं. परक्या वळणाच्या उच्चारात ऐकलेली विधानं लोकांना कमी खरी वाटली. आणि तीही, बोलणारा फक्त दुसऱ्यानं दिलेलं वाक्य वाचतोय हे आधी सांगितलेलं असताना. समजायला जड गेलं, की मन त्याचं ‘विश्वास बसत नाही’ असं भाषांतर करतं. जिराफाबद्दल हे होत असेल, तर ‘मी संघात चांगलं काम करतो’ याबद्दल काय होत असेल?

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. काही कामांत बोलणं हेच काम असतं. फोनवर ग्राहकाची तक्रार सोडवायची असेल, रुग्णाला औषध कसं घ्यायचं ते समजवायचं असेल, तर भाषा तपासायलाच हवी. मग ती तपासा. तक्रारीचा फोन लावून द्या, औषधाची चिठ्ठी हातात देऊन समजावून सांगायला लावा. ‘तुमच्याबद्दल सांगा’ या प्रश्नाच्या उत्तरावरून ते कळत नाही.

दुसरा आक्षेप असा, की पाठ करून आलेला माणूस काहीतरी झाकत असतो. झाकत असेलही. पण झाकण्याचं कसब सगळ्यात जास्त कुणाकडे असतं? ज्याची भाषा सफाईदार आहे त्याच्याकडे. आपण ओघवत्या थापेला आत्मविश्वास म्हणतो आणि अडखळत आलेल्या खऱ्याला घोकंपट्टी.

निवडीच्या पद्धतींवरचं संशोधन याबाबत बरंच जुनं आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सगळ्यांना तेच ठरलेले, कामाशी जोडलेले प्रश्न विचारणारी मुलाखत मोकळ्याढाकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा माणसाच्या पुढच्या कामाचा अंदाज चांगला देते असं दिसलं. नंतरच्या आढाव्यांत आकडे खाली-वर झाले, सगळ्याच आढाव्यांत हा फरक तितका ठळक दिसला नाही. गप्पांच्या मुलाखतीत कुणाची भाषा ‘आपल्यासारखी’ वाटते यावर मन बसतं. कामाबद्दल नेमकं विचारलं, तर तयार वाक्याला तिथे वावच राहत नाही. कॉम्प्रेसरच्या प्रश्नाला ‘आय ॲम अ टीम प्लेयर’ हे उत्तर देता येत नाही. माणसाला यंत्राकडे वळावंच लागतं.

म्हणून पॅनलवर बसणाऱ्यांकडे माझी काही मागणी आहे. प्रश्न आधी कळवा, निदान विषय तरी. त्यानं लबाडाचा फायदा होईल ही भीती फोल आहे. केलेल्या कामाबद्दल खोदून विचारलं की लबाड उघडा पडतो. ‘आपला वेळ घ्या’ हे वाक्य तुम्ही म्हणा, आणि खरंच वेळ द्या. प्रश्न कळला नाही तर तोच मोठ्यानं न म्हणता दुसऱ्या शब्दांत विचारा. शेऱ्याच्या जागी उमेदवारानं सांगितलेली गोष्ट लिहा: ‘आधी दाब शून्य, मग हात’. कसं सांगितलं ते नंतर, आणि कामाला लागत असेल तरच. हल्ली कॅमेऱ्यासमोर एकट्यानं उत्तर रेकॉर्ड करायच्या मुलाखती असतात. तिथे तर ‘पुन्हा सांगाल का?’ म्हणायला समोर कुणी नसतं, काम करणारी सगळी वाक्यं निकामी होतात आणि हातात फक्त दाव्यांची वाक्यं उरतात. दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्यासाठी याहून वाईट पद्धत मला माहीत नाही.

त्या मुलाला आम्ही घेतलं नाही. एकूण बेरजेत तो एका गुणानं मागे पडला, आणि संवादकौशल्याच्या रकान्यात मी दिलेले चार आणि सहकाऱ्याचे दोन यांची सरासरी तीन झाली होती. निकाल कळवायचा फोन मी स्वतः केला. तो म्हणाला, ‘थँक यू फॉर द ऑपर्च्युनिटी.’ मग जरा थांबून विचारलं, काय सुधारायला हवं? यंत्राबद्दल मला काहीच सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, विचार करायला वेळ हवा असेल तेव्हा गप्प बसू नका, ‘लेट मी थिंक फॉर अ मोमेंट’ एवढं म्हणा आणि मग खुशाल विचार करा. फोनवर तो ते वाक्य सावकाश दोनदा म्हणाला. मग विचारलं, ‘मॅडम, मोमेंट की मिनिट?’

दोन्ही चालतं, मी म्हटलं.